कुसळमाळावरची बोरं

“मग आता माझ्यात उरलं काय, तेवढं तरी सांगा महाराज.”

धोंडाबुवा बोरीच्या जाळीत वाकले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“छाटी उरलीय,” ते म्हणाले. “काट्यात अडकलीय बघ. ओढू नको, फाटेल. जरा मागं सर, आपोआप सुटेल.”

अचलबुवा मागं सरला नाही. त्यानं ओढली. टर्रकन फाटली.

“आता तीही अर्धीच उरली,” म्हातारा म्हणाला आणि त्यानं एक बोर तोंडात टाकलं.

कुसळमाळ डोंगराच्या अगदी माथ्यावर. पावसाळ्यात तिथं नुसतं धुकं, उन्हाळ्यात नुसती धूळ. पण कार्तिकात त्याला बघावं. कमरेएवढं गवत पिकून खरवसासारखं पिवळं होतं. वारा आला की सगळा माळ एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळतो, झोपलेल्या पोरासारखा. मधे मधे बोरीच्या जाळ्या. उन्हाकडच्या फांद्यांना पहिली बोरं लागलेली, कुठं हिरवी, कुठं पिवळी, कुठं लाल. लांब धनगराची मेंढरं चरत असतात, पण दिसत नाहीत. नुसतं गवत हलताना दिसतं.

माळाच्या कडेला मठी. मठी म्हणजे काय, एक दगडी खोली, आत धुनी आणि भिंतीत खुंटी. त्या खुंटीवरची काळी घोंगडी ज्याच्या खांद्यावर, तो मठीचा धनी. येत्या पुनवेला खालच्या वाड्या वर येणार होत्या. धोंडाबुवा थकले होते. ती घोंगडी ते दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर घालणार होते.

अचलबुवा त्याचसाठी आला होता. तप उलटलं होतं त्याला घर सोडून. काशी झाली, गिरनार झाला, नर्मदेची परिक्रमा झाली. आता एवढंच राहिलं होतं.

त्यानं खुंटीकडे पाहिलं होतं सकाळी. खुंटी रिकामी होती.

घोंगडी आता त्याच्या समोर होती. बोरीखाली पसरलेली. धोंडाबुवा आकडीनं फांदी वाकवायचे, गदागदा हलवायचे, आणि टपटप बोरं घोंगडीवर पडायची.

“गादीची घोंगडी ती, महाराज!”

“मग बोरं काय मातीत पाडू?”

“लोक तिच्या पाया पडतात.”

“पडू देत की. झटकून देईन.”

अचलबुवा एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला.

“नाव अचल,” म्हातारा हसला, “आणि उभ्या उभ्या पाय बदलतोस. बस खाली.”

“कुसळं लागतात.”

“लागतातच. गवताचं पीकच ते.” धोंडाबुवा स्वतः मांडी घालून बसले. उन्हात डोळे मिटले. वाऱ्यानं त्यांची पांढरी दाढी गवतासारखीच एका बाजूला वळली. “हा वास घे जरा. पिकल्या गवताचा. वर्षातनं थोडेच दिवस येतो.”

“मी वास, चव, सगळं मागं टाकलंय महाराज.”

“असं?” म्हाताऱ्यानं घोंगडीवरचं एक लालभडक बोर उचललं, धोतराला पुसलं आणि पुढं केलं. “हे घे.”

“बोर मी सोडलंय.”

“कधी?”

“काशीला. सगळ्यात आवडीचं एक फळ गंगेत सोडायचं असतं ना, मी बोर सोडलं.”

“अजून आवडतं?”

“सोडलंय म्हटलं ना.”

“ते कळलं. आवडतं का, ते विचारलं.”

अचलबुवानं बोराकडे पाहिलं. मग लांब हलणाऱ्या गवताकडे पाहिलं…

म्हाताऱ्यानं बोर स्वतःच खाल्लं. सावकाश खाल्लं. आठळी चोखून चोखून पांढरी केली आणि गवतात टाकली.

“बरं. भिक्षा आणलीस?”

हाच प्रश्न ऐकायला अचलबुवा सकाळपासून थांबला होता.

त्या मठीचा एक जुना नेम होता. ज्याला घोंगडी घ्यायची, त्यानं आधी आपल्या आईच्या दारात उभं राहायचं. तिला आई म्हणायचं नाही, माई म्हणायचं. तिच्या हातची भिक्षा घ्यायची आणि कोरड्या डोळ्यांनी डोंगर चढून यायचं. डोळा ओला झाला, की पहिल्यापासून सगळं परत. कितीजण त्या एका दारापाशी संपले. कुणी उंबऱ्यावरच बसला, तो पुन्हा घरचाच झाला. कुणी पाठ फिरवून पळाला, तो कुठलाच राहिला नाही.

“आणली,” अचलबुवा म्हणाला. त्याचा आवाज घुमला. तो आवाज त्यानं कमावला होता, गावोगावच्या देवळांत. “कालच्या दुपारी वाडीत गेलो. दारात उभा राहिलो. ‘माई, भिक्षा’ म्हणालो. डोळा ओला झाला नाही. पाय कापला नाही. तुम्ही कुणालाही विचारा.”

“कुणाला विचारू? तुझ्या आईला?”

“ती नाही सांगू शकणार.”

“का?”

“तिचे डोळे गेलेत.”

धोंडाबुवांचा हात घोंगडीवरच्या बोरांवर थांबला.

“ठकूबाईचे डोळे गेले?”

“पार गेले. भिंतीला हात लावत लावत बाहेर आली.”

“मग ओळखलं नाही तिनं तुला.”

“नाही.” अचलबुवा किंचित हसला. “आवाजावरून तरी ओळखेल, अशी धास्ती होती. पण नाही ओळखलं. माझ्यातला जुना माणूसच मेला महाराज, तर ओळखणार कुणाला?”

वाऱ्यानं माळ एकदा इकडं, एकदा तिकडं वळला…

“काय म्हणाली ठकूबाई?”

“काय म्हणणार. बायकांचं बोलणं.”

“तेच ऐकायचंय.”

अचलबुवानं छाटीला चिकटलेलं एक कुसळ उपटलं.

“म्हणाली, ‘बुवा, तुम्ही चार मुलुख फिरता. माझा भागू कुठं दिसला का?’”

“मग?”

“मी विचारलं, कोण भागू.”

“असं विचारलंस?”

“मोह कापायचा तर मुळातच कापावा, महाराज.”

“बरं. पुढं?”

“म्हणाली, ‘माझा लेक. माळावर बोरं वेचायला जातो म्हणाला. दुपारची भाकरी झाकून ठेवली होती मी. अजून आला नाही.’”

“अजून आला नाही,” धोंडाबुवा हळूच म्हणाले. “असंच म्हणाली? जणू सकाळीच गेला होता?”

“असंच.”

“तू तसंच सांगून आला होतास ना रे? बोरं वेचायला जातो म्हणून?”

“खरं सांगितलं असतं तर सोडलं नसतं तिनं.” अचलबुवा जरा चिडला. “आणि तुम्ही तरी मला परत कुठं पाठवलंत? मी मठीत आलो, तुम्ही दीक्षा दिलीत.”

धोंडाबुवांनी तोंड वळवलं.

“दिली खरी…” ते म्हणाले.

आकाशात एक घार फिरत होती. तिची सावली गवतावरून सरकत गेली, घोंगडीवरून गेली, दोघांवरून गेली.

“मग तिनं हात पुढं केला,” अचलबुवा सांगू लागला. आता त्याला थांबवत नव्हतं. “म्हणाली, ‘बघू हात.’ मी दिला. तिनं दोन्ही हातांत घेऊन चाचपला. म्हणाली, ‘नाही बुवा. तुमचे हात मऊ आहेत, देवाच्या माणसाचे. माझ्या भागूचे हात बोरीच्या काट्यांनी नुसते ओरबाडलेले असायचे. तेल लावून लावून मी दमायची.’ आणि हात सोडून दिला.”

“तेव्हा?”

“तेव्हाही डोळा कोरडाच.”

“कोरडाच.”

“अगदी.”

“आणि तू काय म्हणालास तिला?”

“जे खरं ते. म्हणालो, ‘माई, कुणाचा कुणी नसतो.’”

म्हातारा बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

“सुरेख म्हणालास,” तो म्हणाला. “आवाजही चांगला लागला असेल.”

अचलबुवाला वाटलं, ही शाबासकीच. त्यानं मान लववली.

“भिक्षा काय घातली?”

“भाकरी. आणि…”

“आणि?”

“सुकी बोरं. गाडग्यात भरून ठेवली होती. वर्षाच्या वर्षाला शेजारणीकडून आणवते म्हणे. वाळवते. भागू आला की खाईल म्हणून. स्वतः एक तोंडात घालत नाही. म्हणाली, ‘यंदाची आता पिकतील. ही जुनी झाली. त्याच्या नाही तर निदान तुमच्या तोंडी लागू द्यात.’ सगळं गाडगंच झोळीत उपडं केलं.”

“दाखव.”

अचलबुवानं झोळी पुढं केली. धोंडाबुवांनी आत हात घातला. कोपऱ्यात मोडलेली भाकरी होती. बाकी झोळी रिकामी.

“बोरं?”

“बोर मी सोडलंय, महाराज. घेऊन काय करू? खालच्या ओढ्यात टाकली.”

“सगळी?”

“सगळी. सोडलेली वस्तू जवळ बाळगणंही दोषच.”

धोंडाबुवांनी झोळी परत दिली. जपून दिली, जशी कुणाची तरी वस्तू द्यावी तशी.

“तुमच्या आईनं काय घातलं होतं, महाराज?” अचलबुवानं विचारलं. “तुम्हीही मागितली असेल ना भिक्षा. नेमच आहे.”

धोंडाबुवांनी आणखी एक बोर तोंडात टाकलं, त्याची आठळी या गालातून त्या गालात नेली. थुंकली नाही. गिळलीही नाही…

मग ते उठले. बाजूला पडलेली आकडी त्यांनी गवतात दूर भिरकावली.

आणि उघडा हात बोरीच्या जाळीत घातला. कोपरापर्यंत.

“महाराज, काटे!”

म्हाताऱ्यानं ऐकलं नाही. बोरीचा काटा साधा नसतो. एक सरळ आणि एक वाकडा, अशी जोडी असते. सरळ काटा टोचतो, वाकडा धरून ठेवतो. हात आत जाताना जेवढा फाटत नाही, तेवढा बाहेर येताना फाटतो. धोंडाबुवांनी हात बाहेर काढला तेव्हा मुठीत बोरं होती आणि मनगटावर लाल रेघा उठल्या होत्या.

त्यांनी बोरं घोंगडीवर टाकली. दुसरा हात घातला.

“आकडी आणून देतो,” अचलबुवा म्हणाला.

“नको.”

“हलवली की पडतातच की. हात कशाला घालायचा?”

“तुला नाही कळायचं. तू बोर सोडलंयस.”

ते एका जाळीवरून दुसऱ्या जाळीवर गेले. दुसरीवरून तिसरीवर. निवडून निवडून लाल बोरं काढत होते, आणि काय म्हणावं, मधेच एखादं खातही होते. चेहऱ्यावर दुखल्याचं काही नव्हतं. उन्हात उभा असलेला म्हातारा, दाढीत कुसळं, हातांतून रक्त, आणि तोंडात बोर. एखाद्याला वाटावं, डोकं फिरलं.

अचलबुवाला तसंच वाटलं. पण घोंगडी अजून मिळायची होती.

शेवटी म्हातारा परत आला. घोंगडीवरची सगळी बोरं त्यानं आपल्या धोतराच्या ओच्यात भरली, ओच्याला गाठ मारून तो कमरेला खोचला. मग घोंगडी उचलली, एकदा झटकली. सगळे काटे काही निघाले नाहीत.

“इकडं ये.”

अचलबुवा पुढं आला.

धोंडाबुवांनी घोंगडी त्याच्या खांद्यावर टाकली.

शंख नाही, झांज नाही. पुनवेची वाट नाही, लोक नाहीत. नुसतं गवत.

“महाराज…” अचलबुवाचा आवाज पहिल्यांदा घुमला नाही.

“नेमाप्रमाणं झालं सगळं. भिक्षा आणलीस. डोळा कोरडा. आता मठी तुझी, धुनी तुझी. पुनवेला लोक येतील, त्यांच्यासमोर बैस.”

“त्यांना सांगू काय?”

“कुणाचा कुणी नसतो, हे सांग. ते तुला छान जमतं.”

अचलबुवानं घोंगडी दोन्ही हातांनी धरली. तिच्यातले काटे त्याच्या मानेला टोचत होते. पण त्यानं ती हलवली नाही. सरकेल म्हणून.

“आणि तुम्ही? तुम्ही कुठं राहणार?”

“मी खाली जातो.”

“वाडीत?”

“ठकूबाईकडे.”

“तिच्याकडे कशाला?”

म्हाताऱ्यानं आपले दोन्ही हात पुढं केले. ओरबाडलेले, रक्ताळलेले, बोरांच्या रसानं चिकट झालेले. उलटे करून दाखवले, सुलटे करून दाखवले.

अचलबुवाला कळायला जरा वेळ लागला.

कळलं तेव्हा तो पांढरा पडला.

“महाराज, हे खोटं आहे.”

“आहे.”

“ती आवाजावरून ओळखेल!”

“तुझा कुठं ओळखला?”

वारा पडला होता. माळ अगदी स्तब्ध उभा होता. लांब कुठंतरी मेंढरू ओरडलं, त्याला दुसऱ्यानं उत्तर दिलं.

“तुमचं वय…” अचलबुवा चाचरला. “तुम्ही म्हातारे आहात. दाढी पांढरी आहे.”

“तिला दिसत नाही.”

“हातांच्या सुरकुत्या लागतील तिला!”

“लागू देत. लेक किती दिवसांनी आला, ते कळेल.”

अचलबुवाच्या ओठांतून काही तरी निघू पाहत होतं. ते मंत्रासारखं नव्हतं.

“मी जातो,” तो एकदम म्हणाला. “तुम्ही नका जाऊ. मीच जातो महाराज. ती माझी आई आहे.”

धोंडाबुवांनी त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत माया आली.

“जा की रे भागू,” ते म्हणाले. ओच्याची गाठ सोडायला लागले. “ही बोरं घे. अजून ऊन आहे, दिवेलागणीच्या आत पोचशील. जाळीत एकदा हात घाल, म्हणजे झालं.”

अचलबुवानं पाऊल उचललं.

“घोंगडी तेवढी ठेव,” म्हातारा म्हणाला. “घोंगडी घेऊन घरी जाता येत नाही.”

पाऊल तिथंच राहिलं.

“इथं गवतात ठेव. मी बघतो तिचं काय करायचं ते.”

अचलबुवानं बोटं सैल करायचा प्रयत्न केला. खरंच केला, खोटं कशाला सांगू. त्याच्या हातांच्या शिरा वर आल्या. घोंगडीचं एक टोक खांद्यावरून घसरलं सुद्धा.

त्यानं ते पुन्हा वर घेतलं…

“पुनव होऊ द्या,” तो म्हणाला. “लोक येणार आहेत. एकदा पुनव झाली की मी येतो. तुम्ही तोवर तिला काही सांगू नका.”

धोंडाबुवांनी ओच्याची अर्धी सुटलेली गाठ पुन्हा आवळली.

मग ते निघाले.

गवत कमरेएवढं होतं, त्यामुळं चालणारा माणूस दिसत नव्हता. नुसते खांदे आणि डोकं पिवळ्यातून पुढं जात होतं. एका जाळीपाशी ते थांबले. एक पिकलं बोर राहिलं होतं, तेवढं तोडून ओच्यात टाकलं. म्हातारपणाचं चालणं, पण वाडीची वाट उतरायला लागते तिथं पोचल्यावर पाय जरा उचलले गेले. उशीर झालेल्या पोराचे उचलतात तसे.

“महाराज!”

अचलबुवा ओरडला. घोंगडी सावरत दोन पावलं पुढं आला. तिसरं टाकलं नाही.

“महाराज, ती विचारेल! इतके दिवस कुठं होतास म्हणून विचारेल ती! काय सांगाल?”

धोंडाबुवा वळले. ओच्यावर हात ठेवला.

“सांगीन… बोरं वेचत होतो.”